तांदळेसाहेबांची पाच मिनिटं

माझ्या आईच्या फोनचं सील तांदळेसाहेबांनी माझ्या डोळ्यांदेखत नखानं फाडलं, तेव्हा मी त्यांना नीट ओळखतही नव्हते. कतारमधल्या लुसैलच्या साइट ऑफिसात रुजू होऊन मला फार दिवस झाले नव्हते. पहिल्या सुट्टीला नाशिकला जाताना आईसाठी नवा फोन न्यायचा म्हणून मी मोठ्या हौसेनं तो घेतला होता आणि जेवणाच्या वेळी बरोबरच्यांना दाखवत होते. मागून एक जाडजूड हात आला, त्यानं खोका उचलला, उलटा करून बघितला, आणि मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत वरचा पारदर्शक कागद टेबलावर पडलेला होता.

"हे असं न्यायचं नसतंय, ताई. तिथं गेल्यावर चालायचा नाही. मग आई म्हणल, पोरीनं खेळणं आणलं."

मला असा संताप आला! आखातातून नेलेल्या वस्तूची निम्मी शान तिच्या सीलमध्ये असते. शेजारच्या चार बायकांना बोलावून, त्यांच्यासमोर आईनं तो कागद काढायचा, हे सगळं मी मनात रंगवून ठेवलेलं. आणि हा कोण कुठला माणूस येऊन भाजीची जुडी सोडावी तसा खोका सोडतो!

त्यांनी शांतपणे खोक्याच्या तळाशी चिकटवलेली बारीक अक्षरांची पट्टी मला दाखवली. इथे विकल्या जाणाऱ्या काही फोनना त्या काळी एक कुलूप असायचं. आधी इथलं सिम घालून त्या फोनवरून एकूण पाच मिनिटं बोलायचं, मगच तो दुसऱ्या देशाचं सिम घ्यायचा. नाहीतर भारतात जाऊन नुसता आरसा.

"कंपनीनं सोडल्याबिगर आपल्याला तरी कुठं जाता येतंय?" ते म्हणाले. "तसंच आहे याचं. सांगा, आईचा नंबर सांगा."

ही त्यांची दुसरी रीत. पाच मिनिटं कुणाशीही बोललं तरी कुलूप उघडायचं, पण तांदळेसाहेबांचा नियम होता की पहिला फोन ज्याचा त्यालाच लागला पाहिजे. खिशातल्या डबीतून त्यांनी एक जास्तीचं सिम काढलं, फोनमध्ये घातलं आणि आईच्या जुन्या फोनवर लावला. "नमस्कार. मी मुरलीधर तांदळे, तुमच्या लेकीच्या ऑफिसातला. तुमचा नवा फोन तपासायलोय. पाच मिनिटं बोलावं लागतंय. बोला कायबी."

माझी आई फोनवर माझ्याशी बोलताना सारखी "बिल येईल, ठेव आता" करते. त्या दिवशी ती या परक्या माणसाशी मेथीच्या भावापासून गच्चीच्या गळतीपर्यंत सगळं बोलली. फोन बंद करून त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आईचा गुडघा सुजलाय. तुम्हाला सांगितलं नसंल. गेल्या गेल्या डॉक्टरला दाखवा. पुढच्या खेपेला बघू, असं म्हणायचं नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी जरा दरडावूनच म्हटलं. मला ते आगाऊपणाचं वाटलं. पण गुडघा खरंच सुजलेला होता.

तांदळेसाहेब मूळचे परभणीकडचे. आम्ही बांधत होतो त्या टॉवरवर ते क्यूसी इन्स्पेक्टर होते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढणं हा त्यांचा पगारी धंदा. अंगानं आडवे, मिशा पांढऱ्या, आणि हेल्मेट काढलं की कपाळावर कायमचा वळ. हातात गाडीची किल्ली असायची, तिनं ते प्रत्येक फरशी ठोकून बघत. टक् असा भरीव आवाज आला तर पुढे, ठप् आला तर "पोकळ" म्हणून खडूची फुली. मग तो कंत्राटदार लेबनीज असो की मल्याळी, हात जोडो की हुज्जत घालो, फुली पुसली जायची नाही. "सही करायला काय लागतंय? पेन. तपासायला माणूस लागतोय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. साइटवर त्यांच्या नावानं बोटं मोडणारे पुष्कळ होते.

ही खोड ऑफिसपुरती असती तर ठीक. पण दोह्याच्या कडेला मुऐदरला आम्ही तिघं, मालकानं एका व्हिलाचे तुकडे करून भाड्यानं दिलेल्या भागात राहायचो, तिथे ते पहिल्यांदा जेवायला आले आणि हात धुवायला गेले ते बाहेरच येईनात. बघते तर मोरीतल्या फरश्या ठोकणं चाललेलं. माझी मुलगी इथल्या इंग्रजी शाळेत जाणारी, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत. ती त्यांच्या मागे मागे चमचा घेऊन भिंती ठोकत होती. "काका, इज धिस वन पोकळ?" तांदळेसाहेब कान लावून गंभीरपणे निकाल द्यायचे. लहान मुलांशी ते फार छान बोलत. बायकांशी, म्हाताऱ्यांशी, दुकानदारांशीही. माणूस अनोळखी असला की त्यांची जीभ मोकळी सुटायची.

फोनच्या बाबतीत त्यांचं नाव हळूहळू सगळ्या मराठी मंडळींत झालं. सुट्टीवर निघालेला माणूस आधी तांदळ्यांकडे खोका घेऊन यायचा. शुक्रवारी दुपारी त्यांच्या खोलीवर करक, म्हणजे इथला आटीव दुधाचा चहा, व्हायचा आणि फोन लागायचे. कुणाची सासू, कुणाचा धाकटा भाऊ, कुणाची बारामतीची आजी. आजीला ऐकू कमी यायचं, म्हणून ते पाच मिनिटं नुसते ओरडत होते, "तब्येत! तब्येत कशी आहे?" एका गृहस्थांच्या वडिलांना काळजी वाटली की परक्या माणसाचे पैसे जातायत, म्हणून त्यांनी फोन कापला आणि स्वतःच उलट लावला. भरपूर गप्पा झाल्या, पण कुलूप काही उघडलं नाही. तांदळेसाहेबांनी नियम सांगितला, "आलेला फोन धरत नाहीत. आपण केलेलाच धरतात." हे वाक्य मग ऑफिसात चेष्टेचं होऊन बसलं. वरच्या साहेबांनी बोलावल्यावरच कुणी जागचं हललं की आम्ही म्हणायचो, आलेला धरत नाहीत हं.

केतन नावाचा पुण्याचा एक मुलगा तेवढा शहाणा निघाला. होणाऱ्या बायकोला फोन द्यायचा तर सीलबंदच, असा त्याचा हट्ट. तो साखरपुड्यात सर्वांसमोर दिला, आणि तो फोन मुलीचं सिम घेईना. पंगतीत बसलेल्या सगळ्या मंडळींनी आळीपाळीनं तो हातात घेऊन बघितला म्हणे. परत आल्यावर केतन मान खाली घालून तो खोका तांदळेसाहेबांकडे घेऊन आला. ते हसले नाहीत. "यल्ला, चल, नंबर सांग," एवढंच म्हणाले.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. त्यांच्या स्वतःच्या घरी फोन लावताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

त्याचं कारण कळलं पार उत्तर टोकाच्या मदिनत अश शमालला जाऊन येताना. तिथल्या एका छोट्या कामाची पाहणी होती, मी कागदपत्रांसाठी बरोबर होते. येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळट रिकामा मुलूख, गाडी तेच चालवत होते. माझ्या आईचा गुडघा आता कसा आहे, असं त्यांनी विचारलं. बरा आहे म्हटल्यावर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "आमच्या घरात दम लागतोय म्हणत होत्या. जिना चढला की बसायला लागायचं."

आमच्या घरात म्हणजे त्यांची बायको, मंदाताई.

"मी म्हणलं, वजन वाढलंय, कमी करा. परत म्हणाल्या. मी म्हणलं, आलो की दाखवू. तवा इथं हँडओव्हर होतं. तिकडच्या जुन्या स्टेडियमच्या बाजूची सगळी कामं एकदम घाईला आलती, वरची माणसं बघायला यायची होती. रजा पुढं ढकलली. मी नाही ढकलली तर कोण तपासणार, असं वाटलं मला." किल्ल्यांचा जुडगा स्टिअरिंगखाली लोंबत होता, तो त्यांनी हातानं धरून थांबवला. "मी पोचलो तवा सगळं उरकलं होतं. ज्योतीनंच केलं सगळं. मला दारात बघून म्हणाली, बाबा, जगाचं तपासता. आमचंच राहतं."

ज्योती ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती नाशिकला ज्युनिअर कॉलेजात शिकवत होती. परभणीचं घर तेव्हापासून बंद होतं. तांदळेसाहेब त्यानंतर भारतात गेलेच नव्हते. मी विचारलं, "जात का नाही?" तर म्हणाले, "बोलावलं तर जाईन. कुलूप उघडून एकटा आत बसून काय करू?"

मला त्यांची कीव आली आणि तितकाच रागही आला. मुलीचं काय चुकलं होतं?

पुढच्या वर्षी मी नाशिकला निघाले तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावर एक पिशवी ठेवली. आत नवा फोन होता, ज्योतीसाठी. मी खोका हातात घेतला आणि चमकले. सील जसंच्या तसं होतं.

"साहेब, हा उघडला नाही?"

"याला लागत नाही. दुकानदार म्हणाला, या नव्या मॉडेलला ते कुलूप काढून टाकलंय."

तांदळेसाहेब आणि दुकानदाराच्या शब्दावर! कारखान्याच्या शिक्क्यावर ज्यांचा विश्वास नाही, ते? मी म्हटलं, "खात्रीला एकदा लावून बघू या का? तिलाच लावू."

"नको." त्यांनी खोका माझ्या हातातून काढून परत पिशवीत ठेवला. "लहानपणी मी तिला कायबी आणलं की आधी उघडून, चालवून बघून मगच द्यायचो. बोलणारी बाहुली आणली तर तिला पहिल्यांदा मीच बोलायला लावलं. एकदा रडत म्हणाली, बाबा, तुम्ही आणलेलं कायच मला नवं मिळत नाही. असू द्या, मीनलताई. हा तिला उघडू द्या."

मी पिशवी उचलून माझ्या सामानात ठेवली.

ज्योतीचं घर कॉलेज रोडच्या आतल्या बाजूला होतं. वडिलांसारखीच रुंद, ठाम चेहऱ्याची मुलगी. तिनं चहा केला, माझी विचारपूस केली, वडिलांची केली नाही. मी खोका पुढे ठेवल्यावर मात्र तिचे हात थबकले. सीलवरून तिनं बोट फिरवलं. मग कात्री आणली आणि एका कडेनं, कागद चुरगळू न देता, हळूच कापलं. क्षणभर ती अगदी लहान दिसली. मला बरं वाटलं. म्हटलं, जमलं म्हाताऱ्याला.

तिनं जुन्या फोनमधलं सिम काढून यात घातलं. पडदा उजळला, आणि त्यावर सूचना आली की हे सिम चालणार नाही.

दोनदा काढून घातलं. तेच.

"आमच्या स्टाफरूममधल्या एका बाईंचा भाऊ कतारला असतो," ज्योती फोनकडे बघतच म्हणाली. "त्यांना मागे एक फोन आला होता. तांदळे बोलतोय म्हणाले, फोन तपासतोय म्हणाले. पाच मिनिटं बोलले. जेवणखाण, मुलांच्या परीक्षा, सगळं विचारलं. बाई कौतुक करत होत्या, किती जिव्हाळ्यानं बोलतात म्हणून. हे माझे वडील, असं मी काही त्यांना सांगितलं नाही." तिनं फोन खोक्यात ठेवला. "सगळ्यांचे तपासले. आईचं राहिलं, आता माझं राहिलं."

मी घाईघाईनं सगळं सांगितलं. बाहुलीचं, सीलचं, तुला उघडायला मिळावं म्हणून, दुकानदार म्हणाला म्हणून. आणि तू त्यांचे फोन घेत नाहीस म्हणूनही असेल, हेही बोलून गेले.

"मी घेत नाही, असं सांगतात?" ती पहिल्यांदाच चिडली. "मी घेते हो! तेच बोलत नाहीत. जेवलीस का. पैसे पोचले का. ठेवू का. झालं! मी वाट बघते की आईबद्दल एक शब्द तरी बोलतील. चूक झाली म्हणू नका, निदान तिचं नाव तरी घ्या! मिनिटसुद्धा होत नाही आणि यांचं ठेवू का सुरू."

निघताना तिनं खोका माझ्या हातात दिला. कापलेला पारदर्शक कागदही घडी करून आत ठेवला होता. "त्यांना म्हणावं, तपासून द्या. नियमाप्रमाणे."

दोह्याला परतल्यावर मी तो खोका त्यांच्या टेबलावर ठेवला आणि जसं घडलं तसं सांगितलं, काही वगळलं नाही. सांगताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी सवयीनं किल्ली उचलली, खोक्यावर एकदा हलकेच टेकवली, ठोकली नाही. मग विचारलं, "सील तिनं कशानं काढलं?"

"कात्रीनं. हळूच."

त्यांनी मान हलवली.

त्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ते गाडीत जाऊन बसले. काचा बंद, एसी चालू, कानाला तो फोन. आम्ही बसची वाट बघत बाहेर उभे होतो. लगेचच त्यांनी फोन खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "झालं का?" तर म्हणाले, "कुठलं? लई थोडं झालं. राहिलंय अजून." बोललेल्या वेळेची बेरीज होत जाते, एकाच वेळी सलग बोलायला हवं असं नव्हतं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं.

मग ते रोजचंच झालं. कुणाच्याही आजीला बोलतं करणारा हा माणूस गाडीत घामाघूम होऊन बसलेला दिसायचा. कधी ओठ हलत असायचे, कधी नुसताच फोन कानाला. एके दिवशी ते चष्मा काढून डोळे पुसत होते आणि बोलत होते, बोलत होते. मी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाले, "काल मंदाचं बोललो." इतकी वर्षं मी त्यांच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं, नेहमी आमच्या घरातच.

केतननं एकदा हिशोबी डोकं चालवलं. "मॅडम, ह्यांचं कुलूप तर केव्हाच खलास झालं असणार. सांगू का त्यांना?" मी त्याच्यावर असे काही डोळे वटारले की तो गप्प बसला.

पण मला काळजी वाटायचीच. मुलगी सगळं कर्तव्य म्हणून करत असेल तर? एक दिवस तिनं कंटाळून फोन उचललाच नाही तर हा माणूस काय करेल? टॉवरचं काम संपत आलं होतं, समोर स्टेडियमचा सांगाडा उभा राहिला होता, एकेकाला घरी पाठवणं सुरू झालं होतं. यादीत आज ना उद्या त्यांचंही नाव येणार होतं, आणि बोलावणं अजून आलेलं नव्हतं. मी एकदा ज्योतीला फोन करून सुचवून बघितलं. ती म्हणाली, "बघू, ताई." त्या दोन शब्दांनी मला धडकीच भरली. तिच्या वडिलांनीही तसंच म्हटलं होतं ना, आलो की दाखवू?

आमचं नाव आधी आलं. नवरा आणि मुलगी सामान घेऊन पुढे गेले होते, मला ऑफिसचं शेवटचं काम आटपायचं होतं, म्हणून विमानतळावर तांदळेसाहेबांनी सोडलं. प्रस्थानाच्या दारापाशी गाडी थांबली, त्यांनी माझी बॅग उतरवली, तिचं कुलूप ओढून बघितलं, चाकं फिरवून बघितली.

मी म्हटलं, "साहेब, मी नाशिकलाच चाललेय. ज्योतीचा फोन द्या ना, पोचवते."

त्यांचा हात एकदम शर्टाच्या खिशावर गेला. "अजून थोडं राहिलंय, ताई," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. मी वाकून नमस्कार केला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. या सगळ्या महिन्यांत तो वाजलेला मी कधीच ऐकला नव्हता. रोज फोन करायचे ते तांदळेसाहेबच. त्याची घंटीसुद्धा कुणी बदललेली नव्हती, कारखान्यातून आलेली तशीच कर्कश होती. त्यांनी फोन बाहेर काढला, उन्हात पडदा दिसेना म्हणून तळहाताची सावली केली आणि नाव वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. इतक्या घाबरलेल्या चेहऱ्याचा माणूस मी त्या देशात दुसरा पाहिला नाही.

"आलेला फोन धरत नाहीत, ताई," ते कसंबसं म्हणाले.

"घ्या हो!" मी ओरडलेच.

त्यांनी फोन कानाला लावला. "हां, बोल ज्योती," म्हणत ते पाठमोरे झाले. मी बॅग घेऊन दारातून आत गेले आणि काचेतून वळून बघितलं. एक पहारेकरी त्यांच्या गाडीपाशी येऊन हातवारे करत होता, यल्ला, यल्ला, गाडी काढा. कधी पांढऱ्या रेघेबाहेर चाक न ठेवणारे तांदळेसाहेब जागचे हलले नाहीत. फोन कानाला तसाच ठेवून त्यांनी दुसरा हात वर केला आणि त्याला थांबायला सांगितलं.